नगराचा शब्द

पूर्वी आपल्याकडे एखाद्या व्यापाऱ्याला देणी फेडणे अशक्य झाले, म्हणजे तो आपल्या पेढीवर भर दिवसा दिवा लावून ठेवी, असे सांगतात. तो दिवा दिसला की घेणेकऱ्यांनी समजावे, या पेढीत आता काही उरलेले नाही. ‘दिवाळे’ हा शब्द या चालीवरूनच रूढ झाला, असेही कित्येक जण मानतात. व्यापाऱ्याचे दिवाळे निघते, हे तुम्ही ऐकले असेल. परंतु एखाद्या नगराचे दिवाळे निघू शकते काय? जेथे लाखो माणसे राहतात, जेथे रस्ते, दवाखाने, उद्याने आणि मोठमोठ्या इमारती आहेत, अशा नगराने ‘माझ्याजवळ द्यायला पैसे नाहीत’ असे म्हणावे, ही कल्पनाच प्रथम विचित्र वाटते.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट या शहराने १८ जुलै २०१३ रोजी न्यायालयात जाऊन नेमके हेच सांगितले. इतक्या मोठ्या नगराचे दिवाळे त्या देशात पूर्वी कधीही निघाले नव्हते. देण्याचा आकडा होता सुमारे १८ अब्ज डॉलर, म्हणजे १,८०० कोटी डॉलर. घेणेकऱ्यांची संख्या एक लाखाच्या वर होती. त्यांत मोठमोठ्या बँका होत्या, विमा कंपन्या होत्या, आणि त्यांच्याच रांगेत सुमारे २१,००० वृद्ध स्त्रीपुरुषही होते. कोणी त्या शहराच्या आगी विझवल्या होत्या, कोणी बसगाड्या चालवल्या होत्या, कोणी कचेरीत बसून तीस तीस वर्षे हिशेब लिहिले होते. या माणसांनी नगराला कधी कर्ज दिले नव्हते. मग ती घेणेकऱ्यांच्या रांगेत कशी आली?

याचे उत्तर ‘निवृत्तिवेतन’ या एका शब्दात आहे. माझ्यासारखे निवृत्त शिक्षक महिन्याच्या पहिल्या तारखेची वाट का पाहतात, हे तुम्ही घरातील आजोबा-आजींना विचारले, तर ते सहज सांगतील. नोकरीत असताना माणसाला दरमहा वेतन मिळते. त्याशिवाय नोकरी देणारी संस्था त्याला एक शब्द देते : ‘तू इतकी वर्षे इमानाने काम कर, तुझे हात थकल्यावर आम्ही तुला मरेपर्यंत दरमहा अमुक रक्कम देऊ.’ या शब्दावर विश्वास ठेवून माणूस कमी पगाराची नोकरीही आनंदाने पत्करतो. म्हणून निवृत्तिवेतन हे बक्षीस नव्हे, आणि दयेचे दान तर नव्हेच. ते मागे ठेवलेले वेतन होय. मिशिगन राज्याच्या १९६३ च्या संविधानात तर असे स्पष्ट कलमच आहे, की सार्वजनिक नोकरांचे निवृत्तिवेतन हा करार आहे आणि तो कोणालाही कमी करता येणार नाही.

आता हा शब्द पाळायचा, तर पैसा आणायचा कोठून? नगराला स्वतःची शेती नसते, की दुकान नसते. आपल्याकडे जशी घरपट्टी असते, तसा डेट्रॉइटमध्येही घरे आणि जमिनी यांवर कर असतो. १९६२ पासून त्या शहराने लोकांच्या मिळकतीवरही कर बसवला. काही वाटा राज्य सरकारकडून येतो. शहरात जुगाराची भव्य गृहे उघडण्यात आली, तेव्हापासून त्यांच्यावरील करही तिजोरीत पडू लागला; हा मार्ग मला स्वतःला फारसा भूषणावह वाटत नाही, पण गरजू नगराला निवड करायला वाव थोडा असतो. एकंदरीत पाहता, नगराच्या तिजोरीत येणारा बहुतेक पैसा तेथे राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या माणसांच्या खिशातूनच येतो. माणसे वाढली की तिजोरी भरते. माणसे गेली की ती रिकामी होते.

डेट्रॉइटमधून माणसे गेली. ही कथा थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे नगर मोटारींची राजधानी बनले. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ ही साध्या माणसाला परवडणारी मोटार १९०८ मध्ये निघाली, आणि १९१३ मध्ये डेट्रॉइटला लागूनच असलेल्या हायलँड पार्क येथील कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडण्याची रीत सुरू झाली. फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या तिन्ही बलाढ्य कंपन्या या परिसरात वाढल्या. देशाच्या दक्षिण भागातून गौर आणि कृष्णवर्णीय मजूर कामासाठी येथे लोटले. १९५० च्या जनगणनेत डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख भरली. त्या काळी नगराने हजारो नोकर नेमले, आणि त्या सर्वांना निवृत्तिवेतनाचा शब्द दिला. तो शब्द देताना कोणाच्याही मनात शंका आली नसेल. भरलेल्या घरात बसून दिलेला शब्द नेहमी सोपाच वाटतो.

पुढे कारखाने शहराबाहेर मोकळ्या जागी जाऊ लागले. त्यांच्यामागून, आणि कित्येकदा त्यांच्याही आधी, सुखवस्तू गौर कुटुंबे उपनगरांत राहायला गेली. कृष्णवर्णीय कुटुंबांना मात्र त्या उपनगरांत घरे विकत मिळू नयेत, अशी नाना प्रकारची व्यवस्था होती. हा अन्याय वर्षानुवर्षे साचत गेला. १९६७ च्या जुलैत शहरात भयंकर दंगल उसळली आणि तीत ४३ माणसे मेली. त्यानंतर जाणाऱ्यांचा वेग आणखी वाढला. परदेशी मोटारी बाजारात आल्या, कामे कमी झाली. २०१० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या उरली ७ लाख १३ हजार.

माणसे निम्म्याहून कमी झाली, पण शहराचे क्षेत्रफळ सुमारे ३६० चौरस किलोमीटर होते तेवढेच राहिले. रस्त्यांची लांबी कमी होत नाही, नळ आखडत नाहीत, आणि ज्यांना शब्द दिला ते निवृत्त नोकरही नाहीसे होत नाहीत. २०१३ मध्ये नगराच्या नोकरीत सुमारे दहा हजार माणसे होती आणि निवृत्तिवेतन घेणारी एकवीस हजार. एका मिळवत्या मुलाने दोन वृद्धांना पोसावे, आणि त्या मुलाचाही पगार घटलेला असावा, असा हा संसार होता.

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, की निवृत्तिवेतन चालू तिजोरीतून का द्यावे? आधीपासून बाजूला का टाकू नये? प्रश्न योग्य आहे, आणि तशी सोय होतीही. नोकर कामावर असतानाच दर वर्षी काही रक्कम एका वेगळ्या निधीत टाकायची, ती व्यवहारात गुंतवायची, आणि व्याजासह वाढलेल्या रकमेतून पुढे निवृत्तिवेतन द्यायचे, अशी ती रीत. मात्र निधीत किती रक्कम टाकावी, हे ठरवताना ती पुढे किती वाढेल याचा अंदाज करावा लागतो, आणि सारी गोम या अंदाजात असते. तुम्ही चक्रवाढ व्याजाची उदाहरणे सोडवली असतील. एक लाख रुपये दरसाल ८ टक्के दराने तीस वर्षे ठेवले, तर सुमारे दहा लाख होतात. दर ६ टक्के धरला, तर पावणेसहा लाखांच्या आतच राहतात. दोन टक्क्यांचा फरक, पण तीस वर्षांनी जवळजवळ निम्मी रक्कम गायब! डेट्रॉइटच्या निधींनी जवळपास ८ टक्के वाढ गृहीत धरली होती. मोठा दर गृहीत धरला की आज कमी रक्कम टाकून भागते, आणि आजचे अंदाजपत्रक छान जुळते. चूक असलीच, तर ती उघड व्हायला तीस वर्षे लागतात, आणि तोवर अंदाज बांधणारे निघून गेलेले असतात.

दुसरी एक चाल याहूनही गोड होती. ज्या वर्षी निधीला अपेक्षेपेक्षा जास्त उत्पन्न मिळे, त्या वर्षी निधीचे विश्वस्त ते जादा उत्पन्न वाटून टाकीत. महिने बारा, पण निवृत्तांना त्या वर्षी तेरावा धनादेश मिळे. कोणाला आनंद होणार नाही? पण सुगीच्या वर्षी कणगीतले धान्य वाटून टाकले, तर दुष्काळाच्या वर्षी काय खायचे? बाजाराला वाईट वर्षेही येतातच, आणि ती आली.

मग २००५ च्या सुमारास निधीतील तूट भरून काढण्यासाठी नगराने सुमारे १.४ अब्ज डॉलर कर्ज काढले. एक खड्डा भरण्यासाठी दुसरा खणावा, तसे हे झाले. त्या कर्जावरील व्याजासाठी बँकांशी असे गुंतागुंतीचे करार करण्यात आले, की व्याजाचे दर वाढले तर नगराचा फायदा आणि उतरले तर तोटा. २००८ मध्ये जगभर आर्थिक मंदी आली आणि दर कोसळले. शेवटी बँकांना हमी म्हणून जुगारगृहांवरील कराचे उत्पन्नच नगराला तारण ठेवावे लागले.

जमाखर्चाच्या वहीतील हे रोग रस्त्यावर कसे दिसत होते, तेही पाहू. शहरातील सुमारे ४० टक्के रस्त्यांवरचे दिवे बंद होते. आपला जुना व्यापारी दिवा लावून दिवाळे जाहीर करी. डेट्रॉइटचे दिवाळे दिवे विझून जाहीर झाले. संकटात सापडलेल्या माणसाने पोलिसांना बोलावले, तर ते येण्यास सरासरी ५८ मिनिटे लागत. सुमारे ७८,००० इमारती ओस पडल्या होत्या. मागे राहिलेल्या कुटुंबांकडून मात्र राज्यातील सर्वांत चढ्या दराने कर घेतले जात होते. कर अधिक आणि सेवा कमी, म्हणून आणखी काही माणसे निघून जात. ती गेली की उरलेल्यांवर भार आणखी वाढे.

या अवस्थेत राज्याचे गव्हर्नर रिक स्नायडर यांनी मार्च २०१३ मध्ये केव्हिन ऑर या वकिलाची शहराचे ‘आपत्कालीन व्यवस्थापक’ म्हणून नेमणूक केली. महापौर आणि नगरसभा होती तशीच राहिली, पण पैशासंबंधीचे बहुतेक अधिकार या एका न निवडलेल्या माणसाच्या हाती गेले. त्यामागचा इतिहास मोठा बोलका आहे. असे व्यवस्थापक नेमण्याचा कायदा राज्यात आधीपासून होता. लोकांना तो मान्य नव्हता. त्यांनी सह्या गोळा करून तो मतदानाला लावला, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी तो फेटाळला. पण डिसेंबर संपण्यापूर्वीच विधिमंडळाने तसाच दुसरा कायदा संमत केला, आणि त्यात खर्चाची एक तरतूद घातली. कारण त्या राज्यात खर्चाची तरतूद असलेल्या कायद्यावर तशा प्रकारे मतदान मागता येत नाही. नगर बुडत होते, हे खरे. कोणीतरी कठोर निर्णय घ्यायला हवे होते, हेही खरे. तरीसुद्धा लोकांनी नाही म्हटलेली गोष्ट मागील दाराने आणणे मला योग्य वाटत नाही.

प्रकरण न्यायालयात गेले. न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स यांच्याकडे अनेक हरकती आल्या. त्यांत वकिलांनी लिहिलेल्या होत्या, तशाच साध्या नागरिकांनी स्वतः पाठवलेल्याही होत्या. या दुसऱ्या प्रकारच्या माणसांनाही न्यायाधीशांनी सप्टेंबर २०१३ मध्ये न्यायालयात बोलण्याची संधी दिली. सामान्य रहिवासी आणि निवृत्त नोकर एकामागून एक उभे राहिले, आणि ज्या वेतनावर घर चालते ते कापले गेल्यास आपले काय होईल, हे त्यांनी भर न्यायालयात सांगितले. ३ डिसेंबर २०१३ रोजी निर्णय झाला : दिवाळ्याचा कायदा हा देशाचा कायदा आहे, त्यापुढे राज्याच्या संविधानातील हमी टिकत नाही, निवृत्तिवेतन कमी करता येईल. ज्या कराराला कोणी हात लावू शकणार नाही असे पन्नास वर्षे मानले गेले, तो इतर देण्यांच्या रांगेत येऊन बसला.

आता दिवाळे निघाले म्हणजे घरातील भांडीकुंडी विकली जातात. डेट्रॉइटच्या घरात विकण्याजोगे काय होते? एक अत्यंत मौल्यवान वस्तू होती : नगराचे कलासंग्रहालय. व्हॅन गॉख याने काढलेले स्वतःचे चित्र नगराने १९२२ मध्ये घेतले होते. ब्रॉयगेल याचे ‘लग्नातील नृत्य’ १९३० मध्ये. मेक्सिकोचा थोर चित्रकार दिएगो रिवेरा याने १९३२-३३ मध्ये संग्रहालयाच्या चौकाच्या भिंतींवर मोटारीच्या कारखान्यातील कामगारांची प्रचंड चित्रे रंगवली आहेत. नगराच्या पैशाने विकत घेतलेल्या चित्रांची किंमत एका लिलाव संस्थेने ४५ कोटींपासून ८६ कोटी डॉलरांपर्यंत ठरवली. घेणेकरी म्हणू लागले, ‘चित्रे विका आणि आमचे पैसे द्या.’

प्रश्न सोपा नव्हता. एका बाजूस सारे आयुष्य झिजवलेल्या वृद्धाची भाकरी, दुसऱ्या बाजूस पुढच्या सर्व पिढ्यांची ठेव. शिवाय चित्रे खरोखर कोणाची, हाही प्रश्न होता. ऑगस्ट २०१२ मध्येच डेट्रॉइट ज्यात मोडते तो आणि शेजारचे दोन, अशा तीन जिल्ह्यांच्या मतदारांनी मतदान करून या संग्रहालयासाठी स्वतःवर मालमत्ता कर बसवून घेतला होता. कोणीही सक्ती केलेली नसताना लोकांनी आपण होऊन कर मागून घ्यावा, असे प्रसंग विरळा!

तोडगा न्यायाधीश जेराल्ड रोझेन यांच्या मध्यस्थीने निघाला. अनेक धर्मादाय संस्थांनी ३६ कोटी ६० लक्ष डॉलर देण्याचे वचन दिले. राज्याने १९ कोटी ५० लक्ष डॉलर दिले, आणि संग्रहालयाने देणगीदारांकडून १० कोटी उभे करण्याचे मान्य केले. हा सारा पैसा निवृत्तिवेतनाच्या निधीत जायचा, आणि त्याच्या बदल्यात संग्रहालय कायमचे एका विश्वस्त संस्थेच्या हाती द्यायचे, म्हणजे ती चित्रे पुन्हा कधी कोणाच्या देण्यापोटी विकली जाणार नाहीत. पैसा देणाऱ्यांत फोर्ड फाउंडेशन अग्रभागी होते. मोटारींच्या धंद्यातून उभी राहिलेली संपत्ती अशा रीतीने वळसा घेऊन थोडीशी का होईना, त्या नगरात परत आली.

पण यास एक अट होती. निवृत्तांनी स्वतः मतदान करून कपातीस मान्यता द्यायची, आणि आपल्या हक्कासाठी लढण्याचे सोडून द्यायचे. २०१४ च्या उन्हाळ्यात घरोघरी मतपत्रिका गेल्या. ‘होय’ म्हटले, तर सामान्य खात्यांतील निवृत्तांचे वेतन ४.५ टक्क्यांनी कमी होणार आणि महागाईपोटी दर वर्षी मिळणारी वाढ बंद होणार. ‘नाही’ म्हटले, तर कपात २७ टक्क्यांपर्यंत जाऊ शकणार. या निवृत्तांना वर्षाला सरासरी सुमारे १९,००० डॉलर मिळत. पहिल्या वाटेने गेले, तर वर्षाला ८५५ डॉलरांची तूट. दुसऱ्या वाटेने ५,१३० डॉलरांची. पोलीस व अग्निशमन दलातील निवृत्तांच्या मूळ वेतनास हात लागणार नव्हता, पण वार्षिक वाढ निम्म्याहून कमी होणार होती. त्या दलांतील माणसांना देशाच्या सामान्य वृद्धापकाळ योजनेचा आधारही नव्हता. नगराचे निवृत्तिवेतन हेच त्यांचे सर्वस्व होते.

मतमोजणी झाली. सामान्य खात्यांतील मत देणाऱ्यांपैकी ७३ टक्के आणि पोलीस-अग्निशमन दलांतील ८२ टक्के ‘होय’ म्हणाले. याला संमती म्हणावे की नाइलाज, हे तुम्हीच वर्गात चर्चा करून ठरवा. ज्यांनी कोणतीही चूक केली नव्हती, त्यांनी आपल्या भाकरीचा तुकडा मोडून दिला, एवढे मात्र निश्चित. निवृत्तांच्या आरोग्यविम्याचा जो भार नगर उचलीत असे, तोही बहुतांशी गेला. उतारवयात औषधपाण्याचा खर्च केवढा असतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही दुसरी कपात पहिलीपेक्षा मोठी वाटेल.

१० डिसेंबर २०१४ रोजी डेट्रॉइट दिवाळ्यातून बाहेर पडले. सुमारे सात अब्ज डॉलरांचे देणे माफ झाले. २०१६ अखेर रस्त्यांवर सुमारे ६५,००० नवे दिवे लागले. आता नगराला दर वर्षी पुढील चार वर्षांची आर्थिक योजना मांडावी लागते, आणि उत्पन्न किती येईल याचा अंदाज वर्षातून दोनदा जाणकारांच्या परिषदेत तपासून घ्यावा लागतो. मनास येईल तो आकडा धरता येत नाही. २०२३ मध्ये, म्हणजे १९५७ नंतर प्रथमच, शहराची लोकसंख्या घटण्याऐवजी किंचित वाढली.

जुन्या निधीत नगराने स्वतः मोठी रक्कम टाकण्याची जबाबदारी दहा वर्षे पुढे ढकलण्यात आली होती. तो दिवस येणार हे ठाऊक असल्याने नगराने २०१७ पासूनच एका स्वतंत्र राखीव निधीत पैसा साठवण्यास आरंभ केला, आणि जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून आपल्या तिजोरीतून निवृत्तिवेतनाचा वाटा पुन्हा भरू लागले. सामान्य खात्यांतील निवृत्तांचे कापलेले साडेचार टक्के मात्र त्यांना परत मिळालेले नाहीत. २०२२ मध्ये अमेरिकेत महागाई चाळीस वर्षांत नव्हती इतकी भडकली, तेव्हाही त्यांच्या हाती येणारी रक्कम तेवढीच होती.